न तपासता दिलेलं उत्तर

मंगळवार, संध्याकाळ. टँकर आजही नाही.

वैशालीला खोटं बोललो. दिवसभर तेच डोक्यात.

माझी ही लेक आणि तिचे मित्र संगणकाची एक फुकट, सगळ्यांना खुली प्रणाली बनवतात. जुने प्रोग्रॅम त्या प्रणालीवर जसेच्या तसे चालले पाहिजेत, ही त्यांची अट. म्हणून नवीन काही घालायचं तर आधी मी माझ्या लग्नपत्रिका छापायच्या जुन्या प्रोग्रॅमसोबत तपासायचं. सातवी शिकलेल्या माणसावर एवढा भरवसा!

या वेळी पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय होती. पाचोडच्या मास्तरांनी मागितलेली. त्यांना दिसत नाही. परवा फोनवर हसत म्हणाले, "काका, तुमचं मशीन आता माझ्याशी बोलणार म्हणे?"

सकाळी वैशालीनं विचारलं, "बाबा, चालवून बघितलंत ना?"

"व्हय. पत्रिका लई अडकती. नको ती सोय."

"बरं, मग काढून टाकते."

एका शब्दानं उलट विचारलं नाही तिनं.

बघितलं कुठं होतं मी? भीती वाटली. प्रोग्रॅम बिघडला तर मला दुसरं काय येतं? पण मास्तर फोनवर हसत होते...

माझ्या मशीनवर ती सोय अजून आहे. आत्ता चालू केली. पत्रिका उघडली. काही अडकलं नाही. मशीन पत्रिकेतलं एकेक नाव वाचत गेलं. डोळे मिटून ऐकलं.

वैशाली बाहेरच्या खोलीत आहे. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. आता मशीनचा आवाज पूर्ण वाढवलाय. ऐकून ती आत येईल, विचारेल. मग सांगावंच लागेल.