तिनं कानडीत सांगितलं ते

आई, तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तुला सांगायची एक गोष्ट माझ्याकडे तशीच राहिली आहे. साताऱ्यात थंडी आहे, मी स्वेटर घालून लिहायला बसले आहे.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तू मिरजेला दवाखान्यात आया होतीस. मनोरुग्णांच्या वॉर्डात तुझी बदली झाली, तेव्हा एक बाई तिथं वर्षभर पडून होती. नुसती बडबडते, असंच सगळे समजत. तुझं माहेर जतच्या पलीकडचं, मेंढरांमागं हिंडताना तू कानडी शिकलेली. तू तिच्या खाटेशी बसलीस आणि डॉक्टरांना जाऊन सांगितलंस, "सायेब, ती बडबडत न्हाई. माजं लुगडं कुटं ठिवलंय, म्हून इचारतीया." त्या दिवसापासून कानडी पेशंट आला की डॉक्टर तुलाच हाक मारायचे.

गोळ्यांनी तिच्या कानातले आवाज कमी झाले, पण तिचा भाऊ न्यायला येईना. मग तू डॉक्टरांना विचारून तिला आपल्या दोन खोल्यांत आणलंस. ती भाकरी थापायची, तू तिला एकेक मराठी शब्द द्यायचीस. दर रविवारी बरे होऊन घरी गेलेले चारपाच जण यायचे. गोळी घेतली का, झोप लागती का, घरचे नीट वागवतात का, हे तू मराठीत आणि कानडीत विचारत बसायचीस, आणि चहाचं आधण मी ठेवायचे. एकदा मी शेजारणीला म्हणाले, "आमची वेडी गेलीय पाण्याला." तू ऐकलंस. "येडी म्हनू नगंस. आजारी हाय ती. ताप आल्याला मानूस काय तापच हुतोय व्हय?" तू कधी आवाज चढवत नव्हतीस. त्या दिवशी चढवलास.

नंतरच्या महिन्यात मला बघायला सांगलीच्या विश्रामबागेतले लोक येणार होते. त्याच आठवड्यात तू तापानं झोपलीस आणि तिचा भाऊ उगवला. डॉक्टरांनी तिला बोलावलं, आणि तुझ्याकडून ऐकून कानडी समजायची म्हणून मला. भाऊ बाहेर व्हरांड्यात बसलेला. डॉक्टर विचारतात, "जायला तयार आहे का ती?" मी तिला कानडीत विचारते. "ना होगंगिल्ला," ती म्हणते. मी जाणार नाही. तिथं मला गोठ्यात बांधतात. मला तुमच्यातच राहू दे. मी डॉक्टरांकडे वळते आणि सांगते, "जायचं म्हणते. भाऊ आला म्हणून बरं वाटलंय तिला."

'जायचं' हा शब्द तू तिला शिकवला होतास. ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली. घरी येऊन तिनं पिशवी भरली.

तू बरी झाल्यावर विचारलंस, "आपनहून गेली व्हय गं?" मी 'व्हय' म्हणाले. विश्रामबागेचे लोक आले, पोहे खाल्ले, मुलगी सावळी म्हणाले आणि गेले. तिचा विषयसुद्धा निघाला नाही.

दोन महिन्यांनी तू गोळ्या घेऊन एसटीनं तिच्या गावाला गेलीस. परत आलीस आणि चप्पल न काढता उंबऱ्यावर बसलीस. "गोठ्यातच हुती. दावं सोडाय लावलं मी भावाला." मग चप्पल काढत म्हणालीस, "आता कानडीतबी बोलत न्हाई ती."

पुढं ती वारेपर्यंत तू दर महिन्याला जात राहिलीस. ती काही बोलली नाही. ती गेल्याचं कळलं त्या सकाळी तू पुन्हा विचारलंस, "डाक्टरास्नी तिनं नेमकं काय सांगितलं हुतं गं?" मी म्हणाले, "सांगितलं की मागं." तू मान हलवलीस आणि कामावर गेलीस. तुला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर तू सात वर्षं माझ्यासमोर होतीस. रोज एका ताटात जेवलो आपण. आज तू असतीस, तर मी हे लिहिलं नसतं.