बारबोरेची फांदी

व्हिएन्ना, ७ डिसेंबर १९९०

ती. द्राहाताईस,
ब्लाझेनाचा शि. सा. न. वि. वि.

ताई, पोचले गं! सीमेवर पासपोर्ट नुसता पाहिला आणि हसून परत दिला. ज्या व्हिएन्नाचं नाव आपण गेल्या वर्षापर्यंत, कम्युनिस्टांच्या राज्यात, घरातसुद्धा हळू आवाजात घ्यायचो, तिथे आमचं चर्चचं गायनमंडळ मफलर सावरत, खिदळत उतरलं. तू डब्यात कोंबलेल्या आपल्या ओलोमोउत्सच्या उग्र वासाच्या चीजने तर कमाल केली. डबा उघडला मात्र, शेजारचे ऑस्ट्रियन एकेक करून उठून गेले ते परत आलेच नाहीत. आम्ही मस्त पाय पसरून बसलो.

आता मुख्य बातमी, आधी खाली बस. ओताकारने मला लग्नाचं विचारलं! हो, तोच, आमच्यात खालच्या पट्टीत गाणारा घड्याळजी. ट्रामची वाट बघत होतो, थंडीने माझं नाक लाल झालेलं, आणि त्याने विचारून टाकलं. साठी उलटली, जन्मात कधी बोहल्यावर चढले नाही, आणि आता हे! मी इतकी गडबडले की म्हटलं, चार तारखेला, संत बारबोरेच्या दिवशी, घरी चेरीची फांदी पाण्यात ठेवून आलेय. लग्नाच्या पोरी ठेवतात तशी, फुलली की वर्षभरात लग्न. नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत फुलली तर हो, नाहीतर नाही. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, कबूल.

तेव्हा ताई, फांदी तुझ्या हवाली. उत्तर साल्झबुर्गच्या पत्त्यावर टाक. लोभ आहे तेवढा पुरे, काळजी मात्र कमी करावी.

तुझी
ब्लाझेना


ओलोमोउत्स, १० डिसेंबर

चि. ब्लाझेनास,
अनेक आशीर्वाद.

पत्र उभ्याने वाचलं आणि मग खरंच बसले. या वयात पोरीबाळींचे खेळ सुचतात तुला! लोक काय म्हणतील ते राहू दे, लोकांना मी बघून घेईन. पण ओताकार? अगं, तो माणूस सूपसुद्धा घड्याळ लावून पितो. आणि त्या मिशा!

फांदीचं म्हणशील तर नुसती वाळकी काडी आहे. यंदा थंडी पडली कुठे धड? तू कापलीस तेव्हा अंगणात चिखल होता. खिडकीत ठेवलीय.

एक सहज विचारते. नाताळला आपण दोघी बसतो, ताटं दोन, जोडीची. तीन ताटं आपल्यात मांडत नाहीत. विषम माणसं बसली की वर्षभरात एक कमी होतं म्हणतात. मग उठायचं कुणी? मी आपली विधवा बाई, मला एकटीने जेवायची सवय आहे. बर्फात घसरू नकोस. लोकरीचे मोजे बॅगेत तळाशी आहेत, शोभेला दिलेले नाहीत.

तुझी ताई
द्राहोमिरा


साल्झबुर्ग, १४ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

काय सांगू तुला! इथे बर्फच बर्फ. किल्ला पांढरा, घुमट पांढरे, नदी तेवढी हिरवी. काल मोठ्या चर्चमध्ये गायलो. माझा वरचा सूर लागला आणि तो वर घुमटात असा काही फिरला की मी पुढची ओळच विसरले. ओताकारने मागून ती गुणगुणली, म्हणून निभावलं.

किल्ल्याच्या चढावर मी घसरलेच. त्याने दंड धरला आणि वरपर्यंत सोडला नाही. वर भाजलेले चेस्टनट घेतले, सोलून सोलून माझ्याच हातावर ठेवत होता. खानावळीतलं बंद पडलेलं घड्याळही चालू करून दिलंन, कुणी सांगितलं नसताना.

ताई, तुझं ते तीन ताटांचं वाचलं आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. तुला टाकून मी कुठे जाणार गं? पण खरं सांगते, आता मला ती फांदी फुलावीशी वाटायला लागलीय. रोज सकाळी पहिला विचार तिचाच येतो. पुढचं पत्र प्रागला धाड. या वेड्या बहिणीवर रागावू नये.

तुझी
ब्लाझेना


ओलोमोउत्स, २० डिसेंबर

चि. ब्लाझेनास आशीर्वाद.

फांदी फुललीय.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण मग मला झोप लागली नसती. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी ती दुहेरी खिडकीच्या मधल्या जागेत ठेवली आणि बाहेरची काच उघडी टाकली. नेमकी तेव्हाच पाणी गोठवणारी थंडी पडली. मरू दे गारठून, म्हटलं. मला एकटं राहायचं नव्हतं गं. दुष्ट म्हण, काय हवं ते म्हण.

दोन दिवसांनी लोण्याला गार जागा हवी म्हणून ती आत घेतली आणि शेगडीशेजारी ठेवली. साल्झबुर्गचं पत्र आल्यावर मात्र मनापासून कोमट पाणी घातलं. आज नाताळची बिस्किटं, व्हॅनिलाच्या चंद्रकोरी, भाजताना मागे वळले, तर पांढरी शुभ्र! कितीतरी वेळ भट्टीचं दार उघडंच राहिलं. चंद्रकोरी करपल्या.

झालं तुझ्या मनासारखं. ये आणि घेऊन जा.

द्राहोमिरा


प्राग, २२ डिसेंबर

माझ्या लाडक्या, दुष्ट ताईस,
साष्टांग लोटांगण.

स्टेशनवर पत्र वाचलं आणि इतकी हसले, इतकी रडले की ओताकारने चहा आणून दिला.

अगं, चेरीच्या फांदीला आधी गोठवणारी थंडी लागल्याशिवाय ती घरात ठेवून फुलत नाही. आईने शिकवलेलं विसरलीस? यंदा तशी थंडीच पडली नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी ती अट घातली ती नाही म्हणता यावं म्हणून! तुला सोडवत नव्हतं आणि त्याला तोंडावर नाही म्हणवत नव्हतं. तू तिला थंडीत टाकलीस म्हणून ती फुलली. माझं लग्न तू जमवलंस, ताई!

मी कुठेही जात नाही. तोच येतोय, आपल्या मागच्या खोलीत राहायला. एकच विनंती आहे म्हणतो: चीज दुहेरी खिडकीच्या मधल्या जागेतच ठेवावं. चोवीसला दुपारी पोचतो दोघं. ताटांचं काय करायचं ते मात्र मला सुचत नाही.

तुझीच, कायमची
ब्लाझेना


(दारावर अडकवलेली चिठ्ठी, २४ डिसेंबर)

चि. ब्लाझेना आणि ओताकार,

मी रात्रीच्या जेवणाला कार्प मासा आणायला गेलेय, किल्ली पायपुसण्याखाली. बूट बाहेर काढा. बटाट्याच्या सॅलडला हात लावाल तर याद राखा.

टेबल मांडून ठेवलंय. तुम्हा दोघांची ताटं, माझं ताट, आणि चौथ्या ताटाशी फांदीचा तांब्या ठेवलाय. तीच फुलली नसती तर आपण तिघं एकत्र बसलो असतो कशाला! चार झाले. कुणी उठायचं नाही.

ताई