झाकण कोण उघडत होतं

पप्पा, तुम्हाला ते खरंच वाटत होतं, की चारचौघांत अब्रू वाचवायला तुम्ही माझं नाव घेतलंत? याचं उत्तर मला माहीत नाही. आता कळणारही नाही, कारण त्यानंतर वर्षभरातच तुम्ही गेलात आणि मला भांडायलाही माणूस उरलं नाही.

मासळीच्या थर्माकोलच्या खोक्याचं ते अंडी उबवायचं मशीन तुम्ही कोपरच्या घरी केलंत तेव्हा मी सातवीत होते. आत पिवळा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, वाटीत पाणी. शहाडच्या मित्राकडून तुम्ही बटेर पक्ष्याची अंडी आणलीत, सुपारीहून थोडी मोठी, शाई शिंपडल्यासारखी. फिरवताना चुकू नये म्हणून प्रत्येकावर एका बाजूला पेन्सिलनं फुली मारायला मला शिकवलंत. "आईला नाय जमनार, तुजा हात हलका हाय," म्हणालात. मी ते शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं.

तुम्ही लग्नाला कल्याणला गेलात त्या दिवशी मला पाळी आली होती. मी बाजूला बसलेले. अंडी फिरवायला कुणी उठेना, तेव्हा मी उठले आणि फिरवली. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसलात. "शाब्बास! नायतर गेली असती सगली." आठवतंय का?

पिल्लं बाहेर यायच्या बेताला झाकण उघडायचं नाही, आतली वाफ जाते, हा नियम तुमचाच. आणि चहाला कुणीही आलं की तुम्हीच झाकण वर करत होतात. "ऐक, आतून बोलतायत!" गल्लीतला प्रत्येक माणूस त्या खोक्यात डोकावून गेला. मी "पप्पा, नको" म्हटलं, तर म्हणालात, "तू मला शिकवतेस?"

मग अंड्यांना भोकं पडली. चोची दिसायला लागल्या. आणि पिल्लं तिथेच अडकली. आतला पापुद्रा सुकून त्यांच्या अंगाला चिकटला होता. दिवसभर टोचत होती, हळूहळू थांबली. आत्या बघायला आली. खोक्यात बघून म्हणाली, "कोनचा हात लागला गो?" तुम्ही उकिडवे बसलेले, माझ्याकडे न बघता म्हणालात, "हिलाच इचार. बाजूला बसायचं सोडून अंडी फिरवत व्हती."

पण ते तिथे संपलं नाही, पप्पा. चुलत बहिणीच्या हळदीला मला लांब उभं केलं. आई लोणचं घालायची त्या दिवशी मला बाहेर पाठवायची. पाळी असो वा नसो. माझा हात वाईट, हे घरात ठरून गेलं, आणि ठरवणारा फोटोत जाऊन बसला. फोटोला हार, मला टोमणे.

मी प्राणिशास्त्रात बीएस्सी केलं. घरातली पहिली. लोक पेढे मागायला आले तेव्हाही माझ्या डोक्यात ती अडकलेली चोचच होती.

गेल्या महिन्यात दादाच्या मुलीला पहिल्यांदा पाळी आली. आत्यानं तिलाही कोपऱ्यात बसवलं. मी त्याच दिवशी बटेराची अंडी आणली, नवीन खोका केला, आणि तिला म्हटलं, "ऊठ, फुल्या मार." आत्या ओरडली, "नासवशील गो सगलं! बापाच्या वेलेस काय झालं, इसरलीस?" मी म्हटलं, "तीच फिरवणार." त्या मुलीनं सकाळ-संध्याकाळ अंडी फिरवली, आणि शेवटी झाकणाला कुणालाही हात लावू दिला नाही. मलासुद्धा.

एक कबूल करते, तुम्हालाच करता येईल म्हणून. पहिल्या अंड्याला तडा गेला आणि बराच वेळ पुढे काही होईना, तेव्हा मला वाटलं, पप्पांचंच खरं असेल तर? डिग्री घेऊन मी तुमच्या शब्दाला घाबरले. त्याचा राग सगळ्यात जास्त आहे.

पिल्लं आली. अंगठ्याएवढी, ओली, धडपडत. आत्या बघून म्हणाली, "बापाचा गुन उतरलाय." म्हणजे मेली ती माझ्यामुळे, आणि जगली ती तुमच्यामुळे!

हे पत्र कुठे टाकणार? पण जे करायचं होतं ते मी काल करून टाकलं. सगळे जेवत होते. आत्याला भाकरी वाढताना मी मोठ्यानं सांगितलं, "ती पिल्लं पप्पांनी मारली. झाकण उघडून उघडून. माझ्या हातानं नाही." तिचा घास हातातच राहिला. दादा खाली बघत होता. त्याची मुलगी माझ्याकडे बघत होती. मी आत्याला कालवणही वाढलं, आणि मग आईच्या शेजारी माझं ताट घेऊन बसले.