मुगडाळ की कैरी

१८ ऑक्टोबर २००१

लोकेश पेंटर एकदाचा आला! रायपूर राजधानी झाल्यापासून सगळे पेंटर साहेब लोकांच्या बंगल्यांवर. "का करबो बाबूजी, साल भर ले बंगलाच-बंगला."

सरलाचं वर्षश्राद्ध गेल्या महिन्यात झालं. आता घराला रंग लावायला हरकत नाही. बैठकीच्या भिंतीवर त्याने दोन पट्टे मारून दिले. डावा मुगडाळीचा — माझा. उजवा कैरीच्या फोडीचा — सरलाचा. यावरून आम्ही दोन महिने भांडलो. निकाल लागायच्या आत ती गेली.

१९ ऑक्टोबर

शेजारच्या कांताबाई चहा संपेपर्यंत पट्ट्यांसमोर उभ्या. "भाऊजी, दोन्ही एकच तर आहेत! काहून डोकं खपवून राहिले?"

एकच? डोळे तपासून घ्या म्हणणार होतो.

२० ऑक्टोबर

भिलाईहून लेकीचा, कौमुदीचा फोन. "पापा, अपना वाला करवा लो ना. अब कौन मना करेगा?"

काय बोलली पोट्टी! नाही म्हणणारं कोणी उरलं नाही, म्हणून मी जिंकायचं? समोरची पार्टी गैरहजर असताना निकाल आपल्या बाजूने? ऑफिसात अशी फाइल मी कधी पुढे सरकवली नाही.

२१ ऑक्टोबर

कैरी मला अजूनही आवडत नाही.

२२ ऑक्टोबर

ठरलं. कैरी!

लोकेश ऐकेना. "मुगडाळ बढ़िया हे बाबूजी, मइल नइ दिखय." अरे, मळ दिसत नाही हे तर माझंच म्हणणं! मग मी त्याला सरलाचं ऐकवलं — बैठकीत बसायचं आहे की डाळ निवडायची आहे? तो हटेना, मी हटेना. चांगला अर्धा तास. वर्षभरात इतका कोणाशी बोललो नव्हतो.

२५ ऑक्टोबर

दुसरा हात झाला. सकाळच्या उन्हात खोली मोठी वाटते. सरला हेच म्हणत होती. तिच्यासमोर कबूल केलं असतं का? मुळीच नाही!

२६ ऑक्टोबर

ब्रश धुता धुता लोकेश म्हणाला, आता काम झालं म्हणून सांगतो. सरलाने गेल्या वर्षीच त्याला मुगडाळ सांगून ठेवली होती. वर ताकीद — "साहब को अभी मत बताना. इसी बहाने तो बोलते हैं, नहीं तो दिन भर चुप."