गेटवरचा कॉम्प्युटर

३ नोव्हेंबर, सोमवार

पुसलं! सगळं पुसलं मेल्याने!

यांचे अठ्ठावन्न आवाज होते गेटवरच्या कॉम्प्युटरमध्ये. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचे ना, ते. माझा फोन भरला म्हणून अकाउंट्सच्या रेवतीने मार्चमध्ये तिथे ठेवून दिले, फोनमधून काढून टाकले. हे जाऊन दीड वर्ष झालं. दुपारी डबा खाताना एखादा लावायचे. "अगं, गीझर चालू ठेवून गेलीस." एवढंच. कुणाचं काय जात होतं?

आणि हा सिद्धांत — पुण्याचा, कॉम्प्युटर सिक्युरिटीचा हेड, असेल बत्तीसचा — रांगेत माणसं उभी असताना म्हणतो, "मावशी, पर्सनल फाइल्स कंपनीच्या मशीनवर चालत नाहीत. पॉलिसी आहे. लेखी माफी द्या, मग बघू."

माफी! एकोणीस वर्षं या गेटवर पास काढते. गुरुग्राममध्ये निम्मे टॉवर उभे नव्हते तेव्हापासून.

माफी माझी चप्पल देईल.

४ नोव्हेंबर

देविका म्हणते, "आई, चिल. जाऊ दे यार." हिचाच बाप होता ना तो? लेक असून म्हणते जाऊ दे!

नाही जाऊ देणार. याला रडवणार.

११ नोव्हेंबर

ऑफिसात एक खेळ आहे. कुणी स्क्रीन उघडी टाकून उठलं की बाकीचे त्याच्या नावाने सगळ्यांना मेल टाकतात — 'कल समोसे मेरी तरफ से!' मग आणावेच लागतात. ही पद्धत सिद्धांतनेच काढली, लोकांना अद्दल घडावी म्हणून.

अच्छा. कधीतरी तोही उठेल.

१८ नोव्हेंबर

रजिस्टरवर सही घ्यायला रोज दोनदा त्याच्याकडे जाते. दरवेळी स्क्रीन बंद करून उठतो. साप आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सापडला! फोन आला, बोलत बोलत बाहेर गेला. स्क्रीन उघडी!

समोसे? छे. मी लिहिलं — बड़े साहब ऑफिस के कंप्यूटर पर पूरा दिन क्रिकेट देखते हैं, पहले उनका बंद करो. खरंच आहे! मॅच असली की मलाच सांगतात, "आंटी, तीन बजे तक किसी को ऊपर मत भेजना."

एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत. वर 'ऑल' लिहिलं की सगळ्यांना जातं, समोशांच्या वेळी बघितलंय. पाठवला. रजिस्टर उचललं, खाली आले.

२७ नोव्हेंबर

सस्पेंड!

हा म्हणे, मी नाही लिहिलं. साहेब म्हणाले, "तो स्क्रीन खुली किसने छोड़ी?" दोन्हीकडून अडकला. कुणीतरी माझंही नाव घेतलं म्हणे. त्यावर साहेब — "आंटी? आंटी को माउस पकड़ना नहीं आता." सगळे हसले. हसा!

मयूर विहारला मेट्रोतून उतरून श्रीखंडाचा डबा घेतला. निम्मा एकटीने संपवला.

१ डिसेंबर, सोमवार

सिद्धांत पास जमा करायला आला. माझ्याच खिडकीत.

"मावशी, एक सांगायचं राहिलं. तुमच्या फाइल्स पुसल्या नव्हत्या. बाजूला काढून ठेवल्या होत्या. तीस दिवस राहतात. बुधवारी आपोआप जातील."

"मग काढ ना!"

"माझीच परवानगी लागते. आता मला लॉगिनच नाही. तुमचा माफीचा कागद आला असता तर त्याच दिवशी दिल्या असत्या."

"दुसरा कुणी?"

"माझ्या जागी नवा माणूस जानेवारीत येणार."

मग खाली बघून म्हणाला, "चेक करताना एक ऐकला मी. काका ओरडत होते तुमच्यावर. कांदे संपले म्हणून."

पास घेतला. रजिस्टरवर सही घेतली.

कांद्यांचं मला आठवतच नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

साहेबांना सांगितलं — मेल मी लिहिला, त्याला परत बोलवा, आजच. हसले! "आंटी, आप उसे बचा रही हैं." त्यांना उठवलं, त्यांच्याच खुर्चीत बसले. मॅच चालू होती, ती बाजूला केली. तोच मेल परत टाइप केला, एका बोटाने, एक अक्षर न चुकता.

मग गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला. म्हटलं, "चलो. अब सिद्धांत को फोन लगाओ."