निर्माल्याच्या पक्क्या गाठी

श्रावण शु. १, गुरुवार

ज्याच्या कृपेने देवापुढून उतरलेले फूल मातीत जाते आणि माती पुन्हा फूल होऊन देवापुढे येते, त्या विश्वंभरास वंदन करून नव्या मासाची पाने आरंभितो. आमचा श्रावण आज लागला. शेजारच्या हिंदी मंडळींचा अर्धा सरला. महादेवाला दोन्ही पंचांगे मान्य असावीत.

विषय निर्माल्याचा. उन्हाळ्यात स्वच्छता निरीक्षक घरी आले होते. नवे नियम. घराघरांतून कचरा चार प्रकारांत निवडून यावा. न निवडता जो खड्ड्यात पुरला जाईल त्यावर गावाला वाढीव कर. निर्माल्य वैनगंगेत नको, खड्ड्यातही नको, त्याचे खत व्हावे. म्हणाले, "गुरुजी, हमारी कोई नहीं सुनता. आपकी सुनेंगे." 'चक्रीय अर्थव्यवस्था' हा शब्द त्यांनी कागदावरून वाचला. मला हसू आले. हे चक्र शास्त्राने केव्हाच सांगितले आहे. शिवमंदिरातील प्रवचनांत त्याचेच निरूपण केले. उष्ट्याखरकट्याचा स्पर्श होऊ नये म्हणून निर्माल्य वेगळ्या पिशवीत घालावे, गाठ पक्की मारावी, असे स्त्रियांना बजावले. सारा वॉर्ड ऐकतो आहे. घाट स्वच्छ दिसतो. देवाने या वयात एक सत्कार्य हातून करवून घेतले.

आज भजन मंडळाच्या मंगलाबाई अर्ज घेऊन आल्या. खतकेंद्रावर निर्माल्याचे पावित्र्य राखावे, असा. अर्ज हिंदीत, भाषा ढिसाळ. 'कोई भी हाथ लगाता है' हे खोडून 'अनधिकारी हाथों का स्पर्श वर्जित हो' असे केले. पहिली सही माझी. वाक्य चांगले उतरले.

शु. ५, सोमवार

नागपंचमी आणि पहिला सोमवार एकत्र. पिंड बेलाखाली दिसेना. अभिषेक यथासांग. दुपारी कचऱ्याची गाडी आली तेव्हा मंदिराच्या पायरीशी पिशव्यांची रांग, प्रत्येकीला लाल दोऱ्याची गाठ. दोरा कोणी सुचवला, ठाऊक नाही. मन प्रसन्न.

शु. ६, मंगळवार

काय लिहावे.

निरीक्षक सकाळी दारात. कालचे सारे निर्माल्य खड्ड्यात गेले म्हणाले. आपल्या वॉर्डाचे, सगळे. मी विश्वास ठेवला नाही. त्यांच्याच गाडीतून गावाबाहेर खतकेंद्रावर गेलो.

पाहिले. खड्ड्याच्या काठावर प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग. लाल दोरे. एकही गाठ सुटलेली नाही. आत दुधापाण्यात बेल काळा पडलेला, पिशव्या फुगलेल्या. कुत्री. वरून गावाचा इतर कचरा. महादेवाच्या मस्तकावरून उतरलेली बिल्वदले मी स्वतः, माझ्या वाणीने, तेथे पाठवली.

तेथील दोघा कामगारांना विचारले, पिशव्या का सोडल्या नाहीत. एकाने हात जोडले. "शिवजीचं निर्माल्य जी. वलांडलं तरी पाप लागते, तुमीच सांगता. गाठ कोन सोडन?"

मग आजवर कोण सोडत होते?

मुकादम म्हणाला, सुगंधा मेश्राम. बौद्ध बाई. एकटी बसून एकेक गाठ सोडी. प्लास्टिक, काच, अगरबत्तीचे पुडे वेगळे काढी. फुले खताच्या हौदात. शनिवारी ठेकेदाराने तिला काढले. काहून, असे मी विचारले.  त्याने भिंतीवरच्या खिळ्याचा कागद काढून हाती दिला. "आप ही ने तो लिख के दिया था, गुरुजी."

माझे अक्षर. माझे वाक्य. अनधिकारी हाथों का स्पर्श वर्जित हो.

अर्ज दुरुस्त करताना हा स्पर्श कोणाचा, असे मी मंगलाबाईंना विचारले नव्हते. गुरे असतील, कुत्री असतील, असे मनात आले होते का? आले होते, असे आता लिहावेसे वाटते. खरे म्हणजे काहीच आले नव्हते. वाक्याचा तोल साधत होतो.

संध्या केली. चित्त लागले नाही.

शु. ७, बुधवार

सुगंधाबाईंच्या घरी गेलो. भरवेलीच्या रस्त्याला वस्ती. तिचा नवरा पूर्वी खाणीत होता. आता दम्याने खाटेवर. घर तिच्या रोजीवर चालत होते, हे पाहताच कळले. ती अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली, खुर्ची आणली, पदराने पुसली.

क्षमा मागावयास आलो, हे सांगावयाचे होते. शब्द योजून नेले होते. तीच बोलली.

"मले कोनाच्या देवाचं भेव नाही, गुरुजी. मुकादमाचं हाय." मग हसली. "तुमच्या बायांच्या गाठी लय पक्क्या राहतात जी. नखं गेली माझी."

पिशव्यांत काय काय निघे, ते विचारले. फुटक्या काचेच्या तसबिरी, प्लास्टिकचे हार, कापराच्या डब्या, एकदा कोणाचे दात. ते तिने धुऊन मुकादमाकडे दिले. न्यावयास कोणी आले नाही. खाटेवरून नवराही हसला आणि त्याला खोकला आला.

मी बराच वेळ बसलो. ऊन होते. निघताना ध्यानी आले की तिने पाणी विचारले नाही. माझ्या चेहऱ्यावर ते दिसले असावे. म्हणाली, "तुमी पेनार नाही, मनून इचारलं नाही जी. उगाच तुमाले नाही म्हनाले लावाचं."

त्यात रोष नव्हता. तेच सहन झाले नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांत या रस्त्याने शेकडो वेळा गेलो. पाणी मागावे असे ओठांवर आले, मागता आले नाही. नमस्कार करून निघालो. हे कोणास सांगितलेले नाही. येथे लिहून ठेवतो.

शु. ८, गुरुवार

मंगलाबाई आल्या. त्यांना बोलावणे पाठवले होते. अर्ज मागे घ्यावा म्हणालो. पदर सावरून बसल्या.

"तुमीच तं सांगतलं होतं गुरुजी, कशाचा स्पर्श होऊ देऊ नका."

हौ, मी सांगितले होते. खरकट्याचा म्हणालो होतो. माणसाचा नव्हे.

"माणसाचा कोन म्हनते? आमी कोनाचं नावबी नाही घेतलं."

तेही खरे. नाव कोणीच घेतले नाही, म्हणून तर सही करणे इतके सोपे गेले. त्या म्हणाल्या, पुन्हा नदीत सोडू, तेच बरे होते. घाट काय कमी पवित्र आहे? आणि कर बसो की फीस बसो, ते सरकारने पाहावे. मी उत्तर दिले ते रुक्ष होते. चहा न घेता गेल्या. पंधरा वर्षांत प्रथमच.

दुपारी ग्रंथ चाळले. शिवनिर्माल्य ओलांडू नये, भक्षण करू नये, हे आहे. ते प्लास्टिकात बांधून कुजवावे, असे कोठेही नाही. ते मी स्वतः जोडले.

शु. १०, शनिवार

कचेरीत गेलो. लेखी दिले: माझ्या सहीचा अर्ज मी मागे घेतो, ही बाई अनधिकारी नाही, त्या कामावर तिच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा नाही. सही केली. या वेळी भाषा सुधारली नाही. निरीक्षकांनी वाचले, चष्मा काढला. मनुष्य भला आहे. परंतु ठेवणे-काढणे ठेकेदाराकडे. आणि ठेकेदार म्हणतो, मंडळाच्या इतर बायांच्या सह्या तशाच आहेत, उद्या मोर्चा आणला तर? "एक आपके कहने से नहीं होगा गुरुजी, सबको लाइए."

एकाच्या सांगण्याने काढता येते. घेता येत नाही.

शु. १२, सोमवार

दुसरा सोमवार. अभिषेकानंतर प्रवचनाच्या आसनावर बसलो नाही, सभामंडपात खाली सतरंजी अंथरली. प्रथम आमच्या घरची पिशवी घेतली आणि सर्वांसमोर गाठ सोडू लागलो. सुटेना. सूनबाईंनी कात्री देऊ केली, घेतली नाही. नखांनीच उकरत राहिलो. हसतील असे वाटले, कोणी हसले नाही.

पिशवीत बेल, झेंडू, दुधाची पिशवी, आणि माझ्याच रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी.

तेव्हा मात्र मागून कोणीतरी म्हणाले, "महादेवालेबी बीपी हाय का जी?" हशा पिकला. बरे झाले, त्यानंतर बोलता आले. अर्ज कोणी सुधारला, बाई कशी गेली, मी तिच्या अंगणात किती वेळ तहानलेला बसलो, सगळे सांगितले. म्हणालो, ज्याला स्पर्श करण्याची आपल्याला भीती वाटली, ते ती रोज हाताने मातीपर्यंत पोहोचवत होती. पाप असलेच तर माझ्या वाक्याचे आहे. यापुढे पिशवी नको, गाठ नको. उघडी टोपली आणावी, आत फुलाखेरीज काही नसावे.

काही बाया उठून गेल्या. आपल्या पिशव्या घेऊन गेल्या. कोणत्या दिशेने, ते पाहिले नाही. काही जणी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि गाठी सोडू लागल्या. एकीच्या पिशवीतून काच निघाली, बोट कापले. तिला हळद लावताना कोणीतरी हळू म्हणाले, त्या बाईले रोज लागत असन.

मंगलाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. गेल्या नाहीत. बसल्याही नाहीत.

शु. १३, मंगळवार

नवा कागद केला. सात सह्या. मंगलाबाईंची नाही. सूनबाई सांगतात, त्या काल घरी गेल्यावर टोपली शोधत होत्या. याचा अर्थ काय घ्यावा?

कागद कचेरीत देण्याआधी सुगंधाबाईंना वाचून दाखवला. तिच्यासंबंधी लिहायचे आणि तिला न दाखवता, हे आता होणे नाही. ऐकून घेतला. मग म्हणाली,

"बरं लिवलं हाय. पन कागदानं काडलं, मंग कागदानं घेतीन का, ते पाहू जी." आणि मी उठताना, "ह्याच्यापुढं सही कराच्या आदी इचारत जा, हे कोनाले लागू होते मनून."

उद्या ठेकेदार उत्तर देणार आहे. काय देईल, ठाऊक नाही. तिची जागा दुसऱ्या कोणाला दिल्याचेही कानी आले, खरे-खोटे उद्याच.

जो कोणी कधी हे पान उघडील, त्याचे ईश्वर कल्याण करो. त्याची वाणी गोड राहो, त्याचा देव त्याच्यावर प्रसन्न राहो, आणि त्याच्या एखाद्या चांगल्या वाक्याने कोणाची चूल न विझो.