फलटणच्या वाटेवरची शाळा

जत,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. सोनियास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे मी आणि आजी बऱ्या आहोत. मेंढ्या घेऊन तुम्ही कुंडलच्या शिवारात पोचलात, असं आण्णांनी फोनवर सांगितलं. फोन तुझ्याकडे दिला की तू नुसतं हं म्हणतेस, म्हणून हे पत्र. तिथल्या शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे, म्हणजे चुकणार नाही.

आपले हेडमास्तर विश्वजीत सर निघताना काय म्हणाले ते विसरू नकोस. इथपासून फलटणपर्यंतच्या पाच शाळांनी मिळून ठरवलंय, की तळ जिथं पडेल तिथल्या शाळेत तळावरच्या पोरांनी बसायचं. पाचही शाळा एका आठवड्यात एकच धडा घेणार. निळी वही मात्र तू जपायचीस. कुठवर शिकवून झालं ते आधीचे गुरुजी त्यात लिहितील आणि पुढचे तिथून सुरू करतील. गेल्या वर्षी चार महिने शाळेबाहेर राहून तू भागाकार विसरून आलीस. मग आईनं तुला दारात बसवून कोकरांच्या वाटण्या करायला लावल्या होत्या. आता तू पाचवीत आहेस, यंदा तसं व्हायला नको.

आई जाऊन चार महिने झाले. माझं बरं चाललंय. अकरावीचे तास असतात, जाते, येते. मला रडू येत नाही म्हणून आजी काळजी करते. तुला येतं का?

तुझं अक्षर म्हणजे कागदावरून मेंढरं गेल्यासारखं, तरी लिही. थोरलीला विसरू नकोस.

तुझी,
माया

कुंडल,
१२ डिसेंबर २०२४

ती. ताईस,

सोनियाचा सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. रडू येत नाही.

वाटेतल्या शाळेत आठच दिवस होते. इथल्या बाई चांगल्या आहेत. नवीन मुलांचा कागद भरताना त्यांनी आई काय करते विचारलं. मी म्हणाले, मेंढ्यांमागं असते. वाटेतल्या शाळेतही तसंच सांगितलं होतं. सांगताना काही वाटलं नाही. परवा सभेला आईला घेऊन ये म्हणाल्या, तर मी म्हणाले, ती लांबच्या रानात गेलीय.

सकाळच्या भाकऱ्या मीच करते. बारा लागतात. शाळेत पोचायला अकरा वाजतात, तोवर पहिला तास होऊन गेलेला असतो आणि मी मागं बसते. बनुआत्या म्हणते, बास झाली शाळा, पोरगी तळावरच पायजे, कोकरं कुणी बघायची. आण्णा काहीच म्हणत नाहीत. ते आईचं नावही काढत नाहीत.

फलटणला जाईपर्यंत माझी शाळा बहुतेक सुटेल. त्याचंही मला काही वाटत नाही. रागावू नकोस. आजीला नमस्कार सांग आणि धाकटीवर माया असू दे, तुझं नावच आहे ते.

तुझी,
सोनिया

जत,
७ जानेवारी २०२५

चि. सोनियास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. मी रागावले नाही. माझ्या कॉलेजातल्या मुलींना मीही अजून सांगितलेलं नाही. पण एक काम तुला न विचारता केलंय. तुझं पत्र विश्वजीत सरांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, पोरीचा भागाकार कच्चा आहे हे आम्ही पाच शाळांना कळवलं, आणि एवढी गोष्ट कळवायची राहिली.

शनिवारी पाचही शाळांचे शिक्षक कुंडलला जमले होते. यापुढे मुलाच्या घरचं काय ते वहीच्या पहिल्या पानावर एकदाच लिहायचं, पुढच्या शाळेत कुणी परत विचारायचं नाही, असं ठरलं. तुझं पान तुझ्या कुंडलच्या बाई लिहून देतील. तळावरची मुलं उशिरा आली तरी पुढच्या बाकावर बसणार आणि बुडालेला तास त्यांना दुपारी मिळणार.

बाकीचं मी ठरवलंय. कॉलेज सोडून फलटणला येते. भाकऱ्या मी करीन, कोकरं मी बघीन. तू वेळेवर शाळेत जा. आजी काकूंकडे राहील. आपल्या घरात हल्ली कुणीच बोलत नाही. आण्णांना हे वाचून दाखव आणि मी कधी येऊ ते कळव. तुझा लोभ माझ्यावर राहू दे.

तुझी,
माया

फलटण,
९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र कुंडलहून निघायच्या दिवशी मिळालं. आण्णांना वाचून दाखवायचं मी खूप दिवस टाळलं. मधल्या गावात चारा नव्हता म्हणून तिथं थांबलो नाही, सरळ इथं आलो.

इथल्या प्रियदर्शनीबाईंनी निळी वही उघडली, पहिलं पान वाचलं आणि अपूर्णांकांचं पान काढून दिलं. बाकी काही विचारलं नाही. माझं उत्तर तयार होतं, म्हणून मी तशीच उभी राहिले. बाई म्हणाल्या, बस की गं. तर मीच म्हणाले, माझी आई आषाढात कावीळ होऊन गेली. सगळा वर्ग ऐकत होता. बाई म्हणाल्या, व्हय बाळा, मला माहीत आहे. मग मी बसले आणि अपूर्णांक केले. तीन बरोबर आले, दोन चुकले.

त्याच दिवशी तळावर जाऊन तुझं पत्र वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, थोरली येतीय ते लय बरं झालं. आण्णा मेंढ्यांभोवतीच्या जाळ्याच्या मेखा ठोकत होते. ते म्हणाले, मायाला लिव्ह, हितं यायचं न्हाई. तिच्या आईनं दोघींची नावं शाळेत घातल्यात, ती मी काढायचो न्हाई. एवढं बोलून ते परत मेखा ठोकायला लागले.

दुसऱ्या दिवशी उठले तर आण्णा चुलीपुढं परात घेऊन बसलेले. आत्या हसली, म्हणाली, आवं दादा, तुमचं काम हाय व्हय ते. त्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही. पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच मोडली. दुसरी करपली. तिसऱ्या भाकरीला आत्याच सरका म्हणाली आणि पुढच्या तिनं थापल्या. तेव्हापासून ती दोघं मिळून करतात. आत्याचं तोंड फुगलेलं असतं, पण मी पहिल्या तासाला शाळेत असते.

म्हणून तू येऊ नकोस. कॉलेजला जा.

ती मोडकी भाकरी मी शेळीच्या दुधात कुस्करून खाल्ली आणि अजून मागितली. ताई, आषाढानंतर मला भूक लागलेली त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

आजीला नमस्कार. लावतेस तसाच जीव लाव.

तुझी धाकटी,
सोनिया